तांदळात पुरलेलं रजिस्टर

बाई,

आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ मला कधी लागला नाही, आणि अक्षर तर आधीपासूनच वाकडं. आता रोज खानावळीच्या साठ-सत्तर भाकऱ्या थापून बोटं सुजलेली असतात, त्यामुळे पेनही नीट धरवत नाही. तुमच्या हातात ही वही पडली असती तर तुम्ही आधी लाल पेन शोधलं असतं आणि मग चष्मा. पण ही कुणाच्या हातात पडणार नाही. बोलायला मला जमलं नाही म्हणून लिहिते.

तुम्हाला जाऊन दोन महिने होत आले. मूठमाती द्यायला आम्ही अकरा माणसं होतो. पाळकसाहेबांना दुपारी दुसऱ्या गावी लग्न लावायचं होतं, म्हणून एकच गीत झालं, तेही दोन कडव्यांचं. तुम्ही मला कितीदा म्हणाला होतात, "सुमन, मला उचलायला सहा माणसं मिळतील एवढी तरी मंडळी उरू दे गं." खांदा देण्यासारखी पाचच होती, बाई. सहावा खांदा रिक्षावाल्या इब्राहिमनं दिला. तुम्ही त्याच्याशी भाड्यावरून भांडायचात, तोच. खड्ड्यापाशी त्यानं टोपी काढावी की ठेवावी ते त्याला कळेना, म्हणून तो माझ्याकडं बघत होता. मला तरी काय कळत होतं.

त्या दिवशी मला रडू आलं नाही. दुसऱ्या शनिवारी आलं. दुसरा शनिवार म्हणजे आपला तांदळाचा.

आपल्या चर्चच्या मंडळीची ही रीत किती जुनी ते तुम्हालाही नक्की सांगता आलं नव्हतं. घरातल्या बाईनं भाताला तांदूळ मोजायचे आणि त्यातली एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकायची. रोजची एक मूठ, महिन्याचा डबा मंडळीचा. एके काळी त्यावर पाळकांचा पगार निघत होता म्हणे. आता घंटेचा दोरसुद्धा निघत नव्हता, पण तुम्ही रीत मोडू दिली नाहीत. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आपण दोघी निघायचो. नाते, वरंध, पोलादपूर, जिथं जिथं आपलं एखादं घर उरलं होतं तिथं. तांदळाची पिशवी माझ्या डोक्यावर, आणि इतिहासाची वही तुमच्या काखेत. मी डबे ओतून घ्यायचे, तुम्ही म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचात. पहिले मिशनरी साहेब बाणकोटकडून होडीनं कसे आले, घंटा खाडीतून आणताना कशी पडली आणि तिला तडा गेला, कोणती घरं गिरणीत कामाला म्हणून मुंबईला गेली ती परत आली नाहीत. सगळं तुम्ही लिहून घ्यायचात.

पोलादपूरच्या एसटीतला तो कंडक्टर आठवतो का?

"काय गो आजी, एवढी जाड वही? पोथी हाय काय?"

"इतिहास आहे. आमच्या मंडळीचा."

"कसली मंडळी? भजनी?"

"प्रेस्बिटेरियन."

त्यानं तिकीट फाडता फाडता हात थांबवला. "ते कुठं आलं?"

"महाडात. तुझ्या डेपोपासून हाकेवर. शंभराच्या वर वर्षं झाली आम्हाला, तुझा डेपो कालचा."

"म्हणजे तुम्ही गोव्याकडच्या."

"अरे, माझा आजा महाडचा, पणजा महाडचा. गोवा मी बघितलंसुद्धा नाही."

"बरं बरं. इतिहासाला पण अर्धंच तिकीट लावतो," असं म्हणून तो पुढं गेला. सगळी गाडी हसली. तुम्हीही हसलात. मी पदरात तोंड घातलं होतं.

मग पुढचा सगळा रस्ता तुम्ही मला समजावत बसलात, वर्गात समजावायचात तसं. आपल्या रीतीत बिशप नाही. मंडळीच आपल्यातले पंच निवडते आणि पंच मंडळी चालवतात. "म्हणजे लोकांचं राज्य, सुमन. या देशात यायच्या आधी आपल्या चर्चमध्ये आलं." पंचांचं राज्य कसं असतं ते आमच्या घराला ठाऊक होतं. तुम्हालाही ते ठाऊक होतं, कारण तुमचे वडीलच त्या वेळी मुख्य पंच होते. तुम्ही खिडकीबाहेर बघायला लागलात.

आईचं मला इथं लिहायचं आहे. ते कुठंच लिहिलेलं उरलं नाही.

तेव्हा प्रभुभोजनाला बिल्ला लागायचा. शिशाचा, चिंचोक्याएवढा. आदल्या दिवशी पंच घरोघरी फिरायचे आणि ज्याचं वागणं नीट त्याच्या हातावर बिल्ला ठेवायचे. रविवारी तो ताटात टाकायचा, तरच भाकर आणि प्याला मिळायचा. ज्याच्याकडं बिल्ला नाही त्यानं मागच्या बाकावर जाऊन बसायचं. माझा मामा पोलादपूरच्या पुढच्या वाडीतला. त्यांची सगळी वस्ती बौद्ध झाली, तोही मंडळी सोडून बौद्ध झाला. त्याच्या लग्नाला आई गेली. बुद्धाच्या तसबिरीपुढं सगळे उभे राहिले तशी तीही उभी राहिली आणि तिनं हात जोडले. ते कुणीतरी येऊन पंचांना सांगितलं.

पंच आमच्या ओट्यावर आले. मी नऊ वर्षांची होते, दाराआड उभी होते. तुमचे वडील म्हणाले, "चुकलं एवढं म्हण, शेवंता. आम्ही लिहून ठेवतो आणि विषय संपवतो."

आई म्हणाली, "मी माझ्या भावापुढं हात जोडले. त्यात काय चुकलं?"

पुढं बावीस वर्षं तिला बिल्ला मिळाला नाही. दर प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ती अंगण सारवायची आणि दारात बसून राहायची. पंच गल्लीत यायचे, शेजारच्या दारी थांबायचे आणि आमचं दार सोडून पुढच्या दारी जायचे. ती मेली त्याच्या पुढच्या वर्षी बिल्ल्याची पद्धतच बंद झाली.

मी चौथीनंतर शाळेत आले नाही तेव्हा तुम्ही घरी आला होतात. मी सांगितलं, घरी काम असतं. ते खोटं होतं, बाई. पोरं मला बिनबिल्ल्याची म्हणायची, आणि तुम्ही पंचांची मुलगी म्हणून तुम्हाला सांगायची सोय नव्हती. तुम्ही त्या वेळी नव्या होतात, तुमचं वय वीस-एकवीस. तुम्ही तेव्हा मला एक पाटी देऊन गेलात. आपण म्हाताऱ्या झालो तरी हे मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही विचारलंही नाही. कदाचित तुम्हाला आधीच कळलं असेल.

मग दोन-अडीच वर्षांपूर्वी ते पान सापडलं. चर्चच्या मागच्या खोलीत, लोखंडी कपाटातल्या जुन्या रजिस्टरमध्ये. तुम्ही मला हाक मारलीत, मी हातातला झाडू टाकून आले. तुम्ही बोट ठेवलंत आणि मला वाचू दिलंत. एकदाच वाचलं, पण पाठ झालं. "शेवंताबाई हिने भावाच्या लग्नप्रसंगी परधर्मीय विधीत सामील होऊन हात जोडले. पश्चात्ताप करण्यास सांगितले असता नकार दिला. सबब पश्चात्ताप होईपर्यंत प्रभुभोजनातून निलंबित." खाली तुमच्या वडिलांची सही होती, वळणदार.

"हे मी पुस्तकात छापणार," तुम्ही म्हणालात.

"नको बाई."

"नको का? चूक माझ्या बापाची आहे. लाज मला वाटायला हवी, तुला नाही."

"नाव आईचं येईल."

"चांगल्या अर्थानं येईल. एवढ्या माणसांपुढं खोटं बोलली नाही ती. या मंडळीत तिच्याएवढं ताठ कोण उभं राहिलं?"

"लोक अर्थ वाचत नाय बाई. नाव वाचतात."

तुम्ही पेनाला टोपण लावलंत. "तुला एवढं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं," असं म्हणालात. मग पावसाळा झाला की ठरवू, असं ठरलं. पण तुमचं मन ठरलेलं होतं. तुम्ही पोलादपूरला जाऊन मामाच्या मुलाला, गौतमदादाला (माझ्याहून लहान, पण घरात सगळ्यांचा दादाच), सांगून आलात की आत्याचं नाव पुस्तकात येतंय. त्यानं पुस्तकासाठी पाचशे रुपये दिले. मंडळी सोडून गेलेल्या घरानं दिलेले तेवढेच पैसे, म्हणून तुम्हाला त्याचं फार अप्रूप होतं. एकूण एकोणीस घरांनी पाचशे-पाचशे दिले आणि तुम्ही ते बाजारपेठेतल्या छापखान्यात भरून पावती आणलीत.

पुढं पूर आला. आपल्या महाडाला पुराचं नवल नाही, पण असं पाणी आपण दोघींनी पाहिलं नव्हतं. तुम्ही शेजारच्या गच्चीवर दोन दिवस बसून होतात, हातात फक्त औषधांची पिशवी. तुमचं घर आढ्यापर्यंत भरलं. इतिहासाची वही त्यात गेली. छापखाना गेला, मालक मुलाकडं मुंबईला गेला आणि परत फिरकला नाही. चर्चमध्ये गुडघाभर चिखल होता आणि बाकं एकावर एक चढलेली. आपण कपाट पहारीनं उघडलं. बिल्ल्यांचा डबा चिखलानं भरला होता, पण रजिस्टर होतं. भिजून फुगलं होतं, तरी अक्षरं वाचता येत होती. तुम्ही ते छातीशी धरून चिखलात उभ्या राहिलात आणि म्हणालात, "हे आहे ना, मग सगळं पुन्हा लिहिता येईल."

तुम्हाला ताप भरला म्हणून तुमची जुनी विद्यार्थिनी तुम्हाला नाते गावी घेऊन गेली. जाताना रजिस्टर माझ्याकडं दिलंत, कारण आमचं घर चढावर, तिथं पाणी आलं नव्हतं. तुम्ही सांगितलं होतंत, एकेक पान सोडवायचं, मध्ये कोरडा कागद घालायचा आणि वाऱ्यावर ठेवायचं. मी बसले. पहिलं पान हाताला चिकटून आलं. दुसरं मधोमध फाटलं. तिसऱ्याला हात लावायचा मला धीर होईना. बाहेर पाऊस थांबत नव्हता, वीज नव्हती, घरात उशा-गोधड्यासुद्धा ओल्या होत्या.

माझ्या सुनेचा मोबाइल खाली बाजारात पुराच्या पाण्यात पडला होता. तिनं तो तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला आणि तिसऱ्या दिवशी तो सुरू झाला. मला वाटलं, तांदूळ मोबाइलमधलं पाणी ओढतात तर कागदातलं का ओढणार नाहीत. मुठीच्या तांदळाचं पिंप माझ्याकडंच होतं, अर्धं भरलेलं. मी रजिस्टर त्यात पुरलं, वरून तांदूळ ओढले, झाकण लावलं आणि त्यावर वरवंटा ठेवला. मला वाटलं, मंडळीचे तांदूळ मंडळीच्या कामाला आले.

नवव्या दिवशी तुम्ही आलात. झाकण काढायच्या आधीच वास आला होता. तांदूळ फुगून आंबले होते, त्यांची खळ झाली होती. पानं एकमेकांना अशी चिकटली होती की रजिस्टर नव्हतं, ओला गोळा होता, आणि शाई उतरून तांदूळ निळे झाले होते. मी ते सगळे उकिरड्यावर टाकले, कोंबड्यांनीही तोंड लावलं नाही.

"तांदळात?" एवढंच तुम्ही विचारलंत.

"मोबाइल सुकला होता, बाई."

तुम्ही हसाल असं मला वाटलं. निदान ओरडाल. वर्गात पाटी फुटली तरी तुम्ही ओरडायचात. तुम्ही काठीच्या टोकानं तो गोळा उलटा केलात, बराच वेळ त्याच्याकडं बघितलंत, मग माझ्याकडं बघितलंत. "असू दे," म्हणालात आणि पायऱ्या उतरलात.

बाई, ते बघणं मी विसरत नाही.

त्यानंतरही तुम्ही माझ्याकडं चहाला येत होतात. माझ्या नातवाचा अभ्यास घेत होतात. माझ्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात तुम्हीच बसलात, तुमच्या उशाशी मी बसले त्याच्या दुप्पट दिवस बसलात. पण दुसऱ्या शनिवारी तुम्ही मला परत कधी बोलावलं नाही. पैसे भरलेल्या घरांना ते परत करायचं तुम्ही मनावर घेतलंत. पेन्शनमधून दर दोन महिन्यांनी एका घराचे बाजूला काढायचात आणि एकट्या जाऊन देऊन यायचात. मी म्हटलं, येते सोबत. तुम्ही म्हणालात, "नको, तुझे गुडघे दुखतात." गुडघे तुमचे दुखायचे. माझे चांगले होते.

तुम्हाला वाटलं का, की मी मुद्दाम केलं? आईचं पान छापू नये म्हणून?

दोन वर्षं मी हे विचारायचं म्हणून चहाचं आधण ठेवत होते, आणि चहा पिऊन तुम्ही जात होतात. आता कागदावर सांगते. मी मुद्दाम केलं नाही. मला खरंच वाटलं होतं की सुकेल. पण झाकण लावताना, आईचं पान आता कुणाला दिसत नाही असं मनात आलं आणि मला बरं वाटलं. एवढं एकदाच. वरवंटा ठेवेपर्यंत ते गेलंही. त्या एका बरं वाटण्यामुळं मी तुम्हाला विचारू शकले नाही. तुम्ही "मुद्दाम केलंस का" असं विचारलं असतं तर मला नुसतं "नाही" म्हणता आलं नसतं, आणि बाकीचं सांगायला मला शब्द सुचले नसते.

शेवटच्या दिवशी सरकारी दवाखान्यात तुमच्या नाकाला नळी होती. तुम्ही उशीखालून कागद काढून माझ्या हातात दिलात. एकोणीस घरांची नावं होती, बारांवर काट मारलेली, सात उरलेली. "हे राहिलं," म्हणालात. मी म्हटलं, "बाई, ते रजिस्टर..." तेवढ्यात नर्स सलाईन बदलायला आली आणि मला बाहेर काढलं. परत आत गेले तेव्हा तुम्ही झोपला होतात. मग उठलाच नाहीत. तो कागद तुम्ही माझ्यावर विश्वास म्हणून दिलात की शिक्षा म्हणून, हे मी दोन महिने रोज भाकरी थापताना विचारते आहे.

तुमचा पुतण्या मुंबईहून आला, खोली आवरली, बँकेची पुस्तकं घेतली. मी कागद दाखवला. तो म्हणाला, "मावशी, याची काही लिखापढी आहे का? नाही ना? मग छोड दो. एवढ्याशासाठी कोण दारात येणार आहे?" खरं होतं. कुणी येणार नव्हतं. मागितलेही नव्हते कुणी.

मी खानावळीच्या बाईकडून दोन महिन्यांचा पगार आधीच उचलला. नाते गावातली दोन घरं केली, वरंधची दोन, महाडातली दोन. नाते गावच्या रोझीकाकू नोट परत माझ्या पिशवीत कोंबत होत्या, म्हणाल्या, "बाईंनी आमच्या चार पिढ्यांची नावं पाठ म्हणून दाखवली गो, ते पाचशेच्या वर झालं." मी नोट त्यांच्या मिसरीच्या डबीखाली ठेवून आले. ती नावं आता कुणाला पाठ आहेत, बाई? मला सहा येतात. त्यापुढं अडकते.

शेवटचं घर गौतमदादाचं. काल गेले. तो पडवीत विळ्याला धार लावत होता.

"ये सुमनताय. पुस्तक झालं काय?"

"नाय झालं. आता व्हायचं नाय. पैसे परत आणलेत."

"मी मागितले काय?"

"बाईंनी लिहून ठेवलं होतं."

त्यानं विळा बाजूला ठेवला. "मी पुस्तकाचे पैसे दिले नव्हते. आत्याच्या नावाचे दिले होते. नाव दाखव, पैसे तुला ठेव."

वहिनी चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. मी जमिनीकडं बघत बोलले. "नाव मीच नको म्हटलं होतं, दादा. बाई छापणार होत्या. मला लाज वाटली." तुमच्याशिवाय हे मी दुसऱ्या कुणाला पहिल्यांदाच सांगत होते. रजिस्टर तांदळात पुरल्याचंही सांगितलं. झाकण लावताना बरं वाटलं, तेही सांगितलं.

मग तो म्हणाला, "माझा बाप मरेपर्यंत हेच बोलायचा. 'माझ्या लग्नात हात जोडले म्हणून बहिणीला मागं बसवली.' खाट धरली तरी तेच. आम्हाला वाटायचं, निदान तिच्या पोरीला तिचा अभिमान असेल."

मी पिशवीतून तुमचा कागद काढला.

"मग दे पैसे," तो म्हणाला.

मी पाच नोटा त्याच्या हातावर ठेवल्या. त्यानं त्या एकेक करून मोजल्या, दुमडल्या आणि सदऱ्याच्या खिशात घातल्या. वहिनी म्हणाली, "चहा निवतोय गो, घे." मी चहा घेतला. मग तुमच्या कागदावर गौतमदादाच्या नावावर काट मारली. एकोणिसाव्या घराचे पाचशे पोचले, बाई. तुमच्याकडं आता कुणाचंच काही निघत नाही.